धंदा काढावा की नाही : वर्धा जिल्ह्यातील प्रश्नाचा आढावा

स्वतःचा व्यवसाय सुरू करावा की नाही, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात मुख्यतः तीन घरांत उभा राहतो. पहिले घर कोरडवाहू शेतकऱ्याचे. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर दोन भावांचे भागत नाही आणि धाकट्याने काहीतरी वेगळे करावे असे घरात ठरते. दुसरे घर देवळी, हिंगणघाट किंवा सेवाग्रामच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्याचे. तिथे पगार वेळेवर येतो, पण तो वाढत नाही. तिसरे घर बचत गटातल्या बाईचे. तिच्या हाताला पापड, मसाला किंवा शिवणकामाची सवय आहे आणि गटाला बँकेचे कर्ज मिळण्याजोगी पत आहे. या तिन्ही घरांत प्रश्न साधारणपणे हिंमतीचा म्हणून मांडला जातो. तो तसा मांडला की चर्चा स्वभावावर येते आणि पैशाचा हिशेब मागे पडतो. वस्तुतः हा एक मोठा प्रश्न अनेक लहान प्रश्नांचा बनलेला आहे. त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे पैसे गुंतवण्याआधी, थोड्या खर्चात मिळू शकतात. माल कोण घेणार, रोकड कोणत्या महिन्यात हातात येणार, आणि धंदा बुडाला तर घर किती सोसू शकणार, हे त्यांतले मुख्य प्रश्न.

निवडीचा धंदा आणि नाइलाजाचा धंदा

भारतात स्वयंरोजगार हा अपवाद नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात होते. त्यात स्वतःची शेती करणारेही येतात आणि घरच्या दुकानात पगाराविना राबणारेही. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आढळल्या. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक आस्थापनांत पगारी नोकर एकही नव्हता. म्हणजे आपल्याकडचा नमुनेदार उद्योजक म्हणजे एकटा किंवा घरच्यांसह काम करणारा माणूस.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी २०११ च्या ‘पुअर इकॉनॉमिक्स’ या पुस्तकात अशा लोकांना नाइलाजाने झालेले उद्योजक म्हटले आहे. नोकरी मिळाली असती तर यांतल्या अनेकांनी धंदा केला नसता, असे त्यांचे निरीक्षण आहे. याच दोघांनी सहकाऱ्यांबरोबर हैदराबादच्या वस्त्यांमध्ये सूक्ष्म कर्जाचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्जाची सोय झाल्यावर काहींनी धंदे वाढवले, पण सरासरी कुटुंबाच्या खर्चात म्हणावी तशी वाढ दिसली नाही. फायदा मुख्यतः ज्यांचे धंदे आधीपासून चालत होते त्यांना झाला. अमेरिकेतली आकडेवारीही सावध करणारी आहे. तिथे नव्या आस्थापनांपैकी सुमारे निम्म्याच पाच वर्षे टिकतात. बार्टन हॅमिल्टन यांच्या २००० सालच्या अभ्यासात असे दिसले की दहा वर्षे स्वतःचा धंदा करणाऱ्या मध्यम माणसाची कमाई त्याच्यासारख्याच नोकरदारापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होती. तरीही लोक धंद्यात राहतात, कारण स्वतःच्या वेळेवर आणि कामावर स्वतःचा ताबा असणे त्यांना मोलाचे वाटते. हे मोल खरे आहे. मात्र ते पगाराऐवजी स्वीकारत आहोत, हे आधी कळलेले असावे.

वर्ध्यातल्या तरुणाला या आकड्यांवरून धंदा करू नये असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. कंत्राटी कामात तरी कोणती हमी आहे? आकडे एवढेच सांगतात की ‘नोकरी मिळत नाही म्हणून धंदा’ आणि ‘हे गिऱ्हाईक माझ्या ओळखीचे आहे म्हणून धंदा’ या दोन वेगळ्या सुरुवाती आहेत आणि दुसरीला यशाची शक्यता अधिक.

जिल्ह्याचा जुना अनुभव

या प्रश्नाचा वर्ध्याइतका विचार झालेले जिल्हे महाराष्ट्रात थोडे असतील. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातील कापूस मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. कापसाची एक जात तर हिंगणघाटच्या नावानेच ओळखली जात होती. जमशेदजी टाटा यांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली, तीही कच्चा माल आणि रेल्वे जवळ असल्यामुळे. त्या शतकाच्या अखेरीस हिंगणघाट आणि पुलगाव येथेही कापडगिरण्या उभ्या राहिल्या. पुढे एम्प्रेस बंद पडली, पुलगावची गिरणीही बंद पडली. कच्चा माल दाराशी असणे हे सुरू करण्याचे चांगले कारण असते, टिकण्यासाठी मात्र ते पुरत नाही, हे या इतिहासातून दिसते.

वर्ध्याच्या बच्छराज कुटुंबात दत्तक आलेले जमनालाल बजाज (१८८९–१९४२) या कापसाच्या व्यापारातच वाढले. १९२६ मध्ये सुरू झालेला बजाज उद्योगसमूह त्यांचाच. त्यांनी दिलेल्या बागेच्या जागेवर मगनवाडी उभी राहिली आणि डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम तिथून चालले. संघाची सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. ते व्यवसायाने हिशेब तपासनीस होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ग्रामोद्योगाकडे आज अनेकदा भावनेने पाहिले जाते. मगनवाडीत मात्र घाणी, हातकागद, मधमाशीपालन, गूळ आणि हातसडीचा तांदूळ यांचे प्रयोग मोजमाप करून होत. किती बी घातले, किती तेल निघाले, बैलाला किती वेळ लागला, हे तिथे मांडले जाई. झव्हेरभाई पटेल यांनी सुधारलेली ‘वर्धा घाणी’ याच कामातून आली. नेहमीच्या घाणीपेक्षा तिच्यात एका वेळी जास्त बी मावत असे आणि तेलाचा उतारा वाढत असे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात ही अवजारे लोकांना पाहता यावीत अशी योजना होती.

कुमारप्पांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता की गावातल्या धंद्याने कच्चा माल जवळचा घ्यावा आणि गिऱ्हाईकही जवळचे शोधावे, म्हणजे दलालाचा आणि वाहतुकीचा भार कमी होतो. १९३९ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणीचे काम त्यांच्याकडेच होते. आधी पाहणी, मग धंदा, हा क्रम त्यांच्या सगळ्या लेखनात दिसतो. मगनवाडीच्या आवारात आज केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था (एमगिरी) आहे. खादी, अन्नप्रक्रिया, रसायने, हस्तकला आणि ऊर्जा या विषयांवर तिथे संशोधन चालते आणि छोट्या मुदतीचे प्रशिक्षण मिळते. मगनवाडीच्या त्या जुन्या काळाची एक खूण बाजारातही टिकली आहे. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक आजही गावाला जाताना आवर्जून नेला जातो. आसपासच्या गावांतले गाईचे दूध आणि गिऱ्हाइकाच्या ओळखीचा एक पदार्थ, एवढ्या दोन गोष्टींवर तो उभा आहे.

गिऱ्हाइकाची मोजणी

निर्णयातली पहिली पायरी मागणीची, आणि तिलाच सर्वात कमी वेळ दिला जातो. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३,००,७७४ होती. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश लोक खेड्यांत राहत होते. वर्धा शहराची लोकसंख्या १,०६,४४४ आणि हिंगणघाटची तिच्याहून किंचित कमी. आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी (रेल्वे) ही गावे त्याहून बरीच लहान. शिवाय नागपूर पाऊणशे किलोमीटरवर आहे. मोठी खरेदी, लग्नाचा बस्ता, दवाखाना यांसाठी माणूस तिकडे जातो. वर्ध्यात काढलेल्या दुकानाची स्पर्धा समोरच्या दुकानाशी असते तशी नागपूरशीही असते.

लाकडी घाण्याच्या तेलाचे उदाहरण घेऊन हिशेब पाहता येईल. गेल्या काही वर्षांत असे घाणे गावोगावी निघाले आहेत आणि मगनवाडीच्या जिल्ह्यात हा धंदा सुचणे साहजिक आहे. जवस, तीळ आणि भुईमूग यांचे तेल विदर्भाच्या जिभेला परके नाही. पुढचे आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत. समजा जागेचे भाडे महिना ६,०००, एका मजुराचा पगार १२,०००, वीज ४,०००, बाटल्या आणि पोहोचवणी ४,००० आणि कर्जाचा हप्ता ९,००० रुपये. ही बेरीज ३५,००० होते. मालकाने स्वतःला १५,००० रुपये पगार धरला, आणि तो धरलाच पाहिजे, तर महिन्याला ५०,००० रुपये सुटायला हवेत. बियांचा खर्च वजा करून आणि ढेपेचे पैसे मिळवून एका किलो तेलामागे ५० रुपये राहत असतील, तर महिन्याला १,००० किलो तेल विकले गेले पाहिजे. एखादे कुटुंब महिन्याला चार किलो तेल घेत असेल तर अशी २५० कुटुंबे हवीत, आणि तीही दर महिन्याला परत येणारी.

तीनशे उंबऱ्यांच्या गावात अडीचशे घरे पाकिटाच्या तेलापेक्षा महाग तेल घेणार नाहीत. तिथे हा धंदा केवळ गावाच्या भरवशावर होत नाही. वर्धा शहरात सव्वाचार माणसांचे कुटुंब धरले तर पंचवीस हजारांच्या आसपास घरे होतात. त्यांतली शंभरात एक मिळवायची आहेत. हे अशक्य नाही, पण शहरात दुसरे घाणेही आहेत. समोरच्याने दर उतरवला आणि किलोमागे ५० ऐवजी ४० रुपयेच सुटू लागले, तर लागणारी कुटुंबे २५० वरून ३१३ होतात. धंदा सुरू करण्याआधी हा एक आकडा काढला आणि त्यातली निम्मी कुटुंबे नावानिशी लिहून काढता आली नाहीत, तर धंद्याला अजून गिऱ्हाईक नाही असे समजावे.

याच हिशेबात भांडवलाचाही प्रश्न दडलेला आहे. १,००० किलो तेलासाठी, उतारा शेकडा ३८ धरला तर, साधारण २,६०० किलो बी लागते. सुगीत बी स्वस्त असते म्हणून चार महिन्यांचा साठा करायचा ठरवला तर १०,००० किलोंच्या वर माल घ्यावा लागेल. ८० रुपये किलोने त्याला ८ लाखांहून अधिक रक्कम लागते. यंत्राची किंमत सगळे विचारतात, पण यंत्रापेक्षा खेळते भांडवल मोठे असू शकते. जिल्ह्यात बंद पडलेली छोटी युनिटे पाहिली तर यंत्र धूळ खात असते आणि मालाला पैसा नसतो, हे चित्र नवे नाही.

हंगाम आणि उधारी

जिल्ह्याची रोकड शेतीच्या महिन्यांप्रमाणे फिरते. दिवाळीपासून कापूस आणि सोयाबीनचा पैसा येऊ लागतो आणि संक्रांतीनंतरही काही काळ येत राहतो. उन्हाळ्यात लग्नसराईचा खर्च होतो. जूनमध्ये बी-बियाणे, खते आणि मुलांच्या शाळेचा खर्च एकाच वेळी येतो. त्यानंतर पोळ्यापर्यंत हात तंग असतो. या काळात दुकानदाराकडे गिऱ्हाईक येते, पण रोखीने येत नाही. कृषी सेवा केंद्र हे याचे ठळक उदाहरण आहे. जूनमध्ये दिलेल्या मालाचे पैसे कापूस विकल्यावर मिळणार, आणि कंपनी किंवा घाऊक व्यापारी तेवढे थांबायला तयार नसतो. पावसाने ओढ दिली किंवा बोंडअळी आली की एकट्या शेतकऱ्याचे नुकसान होत नाही, उधारी दिलेल्या दुकानदाराचेही वर्ष जाते. अशा दुकानाचे खरे उत्पन्न विक्रीवरून काढले तर फसगत होते. ते वसुलीवरून काढावे.

म्हणून धंद्याचा अंदाज वार्षिक न करता बारा महिन्यांचा करावा. कोणत्या महिन्यात किती रोकड येईल आणि किती जाईल, हे एका कागदावर मांडले की वर्षाच्या नफ्यात न दिसणारी तंगी आषाढ-श्रावणात दिसते. ज्यांचा माल नोकरदार, विद्यार्थी किंवा रुग्णांचे नातेवाईक घेतात त्यांचे चक्र वेगळे असते. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून चालू आहे. सावंगी (मेघे) येथे मोठे रुग्णालय आणि महाविद्यालये आहेत. आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ आहे. त्यांच्या आसपास खानावळ, खोल्या, झेरॉक्स, औषधे, धुलाई असे धंदे महिन्याच्या रोकडीवर चालतात. तिथे परीक्षा आणि सुट्ट्यांचा हंगाम पाहावा लागतो. पावसाचा प्रश्न त्यांना नसतो.

मोठ्या कारखान्याला माल पुरवणाऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे गिऱ्हाईक एकच असते आणि बिल अडकते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक केले आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. तरीही एका गिऱ्हाइकावर सगळा धंदा टांगणे धोक्याचेच असते, कारण कायद्याने पैसे मिळतील, पुढची ऑर्डर मिळेलच असे नाही.

जिल्ह्यात काय चालू शकते

कोणता धंदा काढावा याचे एक उत्तर नसते, पण जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत साधनांचा फरक स्पष्ट आहे. आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) भागात संत्र्याच्या बागा आहेत. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रंग आणि कुर्कुमिनचे प्रमाण यांसाठी ती ओळखली जाते. मानांकनामुळे नाव राखले जाते, पण गिऱ्हाईक आपोआप दाराशी येत नाही. हळद उकडणे, वाळवणे, पॉलिश, दळण, पाकीट आणि प्रयोगशाळेतला तपास, या प्रत्येक टप्प्याला पैसा आणि शिस्त लागते. कच्ची हळद विकण्यापेक्षा पावडर विकण्यात जास्त सुटते हे खरे, मात्र पावडरीत भेसळीचा संशय असतो आणि तो दूर करण्यात पहिली एक-दोन वर्षे जातात.

तुरीसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल विदर्भात बरीच पसरली आहे. गावातल्या लोकांची तूर मजुरीने भरडून देणे हा तिचा सर्वात कमी जोखमीचा वापर आहे. माल दुसऱ्याचा असतो, भाव पडला तरी नुकसान गिरणीवाल्याचे होत नाही, आणि खेळते भांडवल जवळजवळ लागत नाही. स्वतः तूर घेऊन डाळ विकणे हा त्याच यंत्रावरचा दुसरा आणि कितीतरी अधिक जोखमीचा धंदा आहे. नवख्याने आधी मजुरीने भरडावे आणि गिऱ्हाईक ओळखीचे झाल्यावर थोडी तूर स्वतःची घ्यावी.

सेलू तालुक्याच्या बाजूला बोर व्याघ्र प्रकल्प आहे (घोषणा २०१४). सेवाग्राम, पवनार आणि गिरड येथे बाहेरून लोक येतात. पर्यटनाच्या धंद्याला जिल्ह्यातल्या दारूबंदीचा विचार करावा लागतो. इथले हॉटेल जेवण, स्वच्छता आणि मुक्कामाच्या सोयीवरच चालवावे लागते. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो जिल्ह्यातून वाहू लागला. पण हा नियंत्रित प्रवेशाचा रस्ता आहे. जुन्या महामार्गासारखा त्याच्या कडेला ढाबा टाकता येत नाही. माल लवकर बाहेर पाठवणाऱ्याला तो उपयोगी आहे, जाणाऱ्या-येणाऱ्यावर जगू पाहणाऱ्याला नाही.

दुसऱ्याने ठरवून दिलेल्या धंद्याचे काय होते, याचे एक दुःखद उदाहरण याच भागाने पाहिले आहे. शेतकरी आत्महत्यांच्या काळात, जुलै २००६ मध्ये पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले. त्यातील सहा जिल्ह्यांत वर्धा होता. जोडधंदा म्हणून संकरित गाई अनुदानावर देण्यात आल्या. जिथे चारा, पाणी आणि दूध संकलन तिन्ही नव्हते तिथे त्या पोसणे शेतकऱ्याला परवडले नाही आणि अनेकांनी त्या विकल्या. पुढे २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पात आधी संकलनाची व्यवस्था उभारण्याकडे लक्ष दिले गेले. क्रम बदलला की तोच जोडधंदा वेगळा ठरतो.

अनुदान आणि कर्ज

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालतो. २०२२ नंतरच्या नियमांनुसार उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर विशेष गटांना ते अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के आहे. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून याच धर्तीवर आहे. मुद्रा योजनेत (२०१५) शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तरुण गटातले कर्ज नीट फेडणाऱ्याला २०२४ पासून २० लाखांपर्यंत जाता येते. अन्नप्रक्रियेसाठी २०२० च्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आहे. अर्जाची वाट जिल्हा उद्योग केंद्र, खादी ग्रामोद्योग मंडळ, कृषी विभाग किंवा थेट बँक यांपैकी एकीतून जाते.

एक गोष्ट अर्जदारांना उशिरा कळते. रोजगार निर्मिती कार्यक्रमातील अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे अडकवून ठेवले जाते आणि उद्योग प्रत्यक्ष चालू आहे याची पडताळणी झाल्यावर कर्जात वळते होते. तीन वर्षे धंदा टिकवायचा आहे तो स्वतःच्या बळावर. म्हणून अनुदानामुळे वाईट धंदा चांगला होत नाही, चांगल्या धंद्याचा भार मात्र हलका होतो. प्रकल्प अहवालात अनुदान शून्य धरून हिशेब करावा. तरीही हप्ता निघत असेल तर अर्ज करावा. अनुदान वजा केल्यावरच जो धंदा जमतो, तो न काढलेला बरा.

शेतावर आधीच पीककर्ज असते, त्यात धंद्याचे कर्ज मिसळले की दोन्ही धोके एकत्र येतात. दुष्काळी वर्षात शेतही पिकत नाही आणि गिऱ्हाईकही खरेदी करत नाही. शेतीच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या कुटुंबाने शक्यतो वेगळ्या हंगामाचा धंदा निवडावा आणि सातबारा तारण न ठेवता मिळेल तेवढ्याच कर्जात सुरुवात बसवावी. छोट्या उद्योगाला विनातारण कर्ज देता यावे म्हणून बँकांसाठी २००० सालापासून पतहमी निधी आहे. शाखेत तारण मागितले गेले तर अर्जदाराने या हमीबद्दल स्पष्टपणे विचारावे.

नोकरी सोडून की नोकरी सांभाळून

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. पावसाच्या तुटीची शक्यता जुन्या नोंदींवरून मोजता येते, ती जोखीम. आपण केलेला नवा पदार्थ हिंगणघाटचे लोक घेतील की नाही, याची नोंद कुठेच नसते, ती अनिश्चितता. दुसऱ्या प्रकारात विचार करून उत्तर मिळत नाही, थोडेसे विकून पाहावे लागते. आठवडी बाजारात किंवा गटाच्या प्रदर्शनात पाच-दहा किलो माल विकणे, ओळखीच्यांऐवजी अनोळखी लोकांना विकणे, आणि ते दुसऱ्यांदा मागतात का हे पाहणे, ही सर्वात स्वस्त चाचणी आहे.

पगार असेल तर तो चाचणी पुरी होईपर्यंत सोडू नये. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांच्या २०१४ च्या अमेरिकेतील अभ्यासात असे आढळले की नोकरी सांभाळून धंदा सुरू करणाऱ्यांचे, एकदम नोकरी सोडणाऱ्यांच्या तुलनेत, धंद्यातून बाहेर पडण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी होते. तरुणपण निघून जाईल ही भीतीही फारशी खरी नाही. वेगाने वाढलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या संस्थापकांचे सरासरी वय पिअर अझूले आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ४५ निघाले. दुसऱ्याच्या दुकानात, कारखान्यात किंवा जिनिंगमध्ये काढलेली वर्षे वाया जात नाहीत. त्या वर्षांत मालाची पारख होते आणि कोणाचे पैसे बुडतात हे कळते. वर्ध्यात व्यापारी घरांतली मुले हे लहानपणीच शिकतात. शेतकऱ्याच्या मुलाला ते नोकरीत शिकावे लागते, आणि त्यात कमीपणा नाही.

प्रशिक्षणही उपयोगी असते, पण कोणते हे पाहावे. टोगो देशात सुमारे १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या, २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात हिशेब आणि विपणनाच्या रूढ प्रशिक्षणाचा नफ्यावर ठोस परिणाम दिसला नाही. संधी शोधणे, पुढचा अंदाज घेणे आणि अडचणीत पर्याय काढणे यांचा सराव देणाऱ्या प्रशिक्षणाने मात्र नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. वर्ध्यात असा सराव बचत गटांतून झालेला दिसतो. ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा होता आणि इथल्या गटांतल्या अनुभवी स्त्रिया ‘वर्धिनी’ म्हणून राज्याच्या इतर भागांत गट बांधायला गेल्या. व्यासपीठावर कधी न बसलेल्या या बायकांनी अनोळखी गावात जाऊन सभा घेतल्या, वह्या लिहायला शिकवल्या. उद्योजकतेची यापेक्षा चांगली शाळा जिल्ह्यात दुसरी नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पाहणी करावी लागते. कर्ज तिच्या नावावर असते, दुकान नवऱ्याच्या हातात असते आणि हप्ता थकला की गटासमोर उभे तिला राहावे लागते. ज्याच्या सहीने कर्ज निघते त्याच्याच हातात विक्रीची रोकड आणि वही असली पाहिजे. ही अट घरात मान्य होत नसेल तर तिने सही करू नये.

स्वरूप, नोंदणी आणि थांबणे

एकट्याचा मालकी धंदा हे सर्वात सोपे स्वरूप. देणे झाल्यास मालकाची खाजगी मालमत्ताही त्यात येते. भागीदारीत तर एका भागीदाराच्या देण्याला दुसराही बांधील असतो, म्हणून भाऊ असला तरी करार लेखी हवा. मर्यादित दायित्वाची भागीदारी किंवा एकव्यक्ती कंपनी यांत देणे मर्यादित राहते, पण दरवर्षीचा कागदोपत्री खर्च वाढतो. शेतकऱ्यांच्या गटाला उत्पादक कंपनी काढता येते. महाराष्ट्रात मालाच्या व्यापाराला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख रुपये उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात माल विकायचा असेल तर मात्र ही सवलत मिळत नाही. खाद्यपदार्थांना एफएसएसएआयची नोंदणी, खते-बियाणे-कीटकनाशकांना कृषी विभागाचे परवाने लागतात.

कुठे थांबायचे हे सुरू करतानाच लिहून ठेवावे. किती रक्कम बुडाली, किंवा किती महिने स्वतःचा पगार निघाला नाही, म्हणजे धंदा बंद करायचा, हे शांत डोक्याने आणि घरच्यांसमोर ठरवलेले असावे. तोट्यात असताना तो निर्णय होत नाही, कारण आतापर्यंत घातलेला पैसा वसूल व्हावा या आशेने आणखी पैसा घातला जातो. थांबण्याची वेळ आली तर आधी बँकेशी बोलून कर्जाची पुनर्रचना किंवा यंत्राची विक्री ठरवावी, उधारी वसूल करावी, मजुरांचे पैसे द्यावेत. मग नोंदण्या रद्द कराव्यात. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अखेरचे विवरणपत्र भरावे लागते. ते न भरता दुकानाला नुसते कुलूप लावले, तर धंदा बंद झाल्यावरही दंडाची आकारणी मागे लागते.